कडकनाथची पिढी फिकी का पडते: लाल तुरा, पांढऱ्या नळ्या आणि त्यावरचे उपाय

कडकनाथ म्हणजे कातडी-मांसापर्यंत काळी असलेली कोंबडीची जात. विकत आणलेली पहिली बॅच काळीकुट्ट असते. त्याच कळपाची अंडी उबवली की दुसऱ्या बॅचमध्ये चाळीसपैकी आठ-दहा पिल्लांची तोंडं गुलाबी निघतात, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) मोठ्या झाल्या की तुरे लाल होतात, एखाद-दुसऱ्याच्या नळ्या (पायांचा खवल्यांचा भाग) पार पांढऱ्या. परभणी-हिंगोलीपासून बीड-धाराशिवपर्यंत कडकनाथ पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "आपल्याकडची हवा मानवली नाही", नाहीतर "खाद्य बदललं म्हणून रंग उतरला".

हवा आणि खाद्य पिसांचा रंग बिघडवू शकतात. कातडीचा काळेपणा मात्र त्यांनी जात नाही, तो रक्तातून, म्हणजे आई-बापाकडून येतो आणि रक्तातूनच जातो. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवायची: बिघाड पिसांत आहे की कातडीत? या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि बरीच चांगली कोंबडी याच गोंधळात कापली जातात. उलट नको ती जोडीला राहतात.

मुळात काय असायला हवं

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, धार, अलिराजपूर पट्ट्यातला, भिल आणि भिलाला समाजाने सांभाळलेला. तिकडे त्याला कालामासी म्हणतात. 2018 साली झाबुआच्या कडकनाथच्या काळ्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी तुम्ही लातूरला खुशाल पाळा, पण इथल्या मालावर "झाबुआ कडकनाथ" असा मानांकनाचा शिक्का लावता येत नाही.

जातीत पिसांचे तीन प्रकार आहेत: संपूर्ण काळा म्हणजे जेट ब्लॅक, मानेवर पांढरट-करड्या रेघांचा पेन्सिल्ड, आणि मान-पाठीवर सोनेरी झाक असलेला गोल्डन. तिन्ही शुद्धच. सोनेरी मान दिसली की "क्रॉस आहे" म्हणून हाकलणं ही पहिली चूक. पिसं कशीही असोत, खालच्या गोष्टी तिन्हींत सारख्या असतात. कातडी, चोच, नळ्या, बोटं आणि तळवे पाटीच्या दगडासारखे गडद. तुरा, हनुवटीखालच्या पाळ्या आणि जीभ जांभळट. तुरा एकेरी, बोटं चार. पाच बोटं, डोक्यावर झुपका आणि लोकरीसारखी पिसं असतील तर तो सिल्की. पिसं हिरव्या झाकेची काळी, पण तुरा लालभडक आणि कातडी पांढरी असेल तर तो ऑस्ट्रेलॉर्प किंवा त्याचा क्रॉस.

अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. रक्तही काळं नसतं, नेहमीपेक्षा गडद लाल असतं. काळं अंडं दाखवून कुणी पक्षी विकत असेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

पाहणी कशी करायची

सकाळी आठ-नऊच्या सुमारास, सावलीत पण उघड्यावर. निळ्या ताडपत्रीखाली किंवा हिरव्या शेडनेटखाली पाहणी करू नका. निळ्या उजेडात लाल तुराही जांभळा दिसतो. बाजारातले बरेच सौदे अशाच पालाखाली होतात, हे लक्षात असू द्या.

नळ्या आधी साबणाने धुवा. आपल्या काळ्या मातीत फिरलेल्या गावरान कोंबडीच्याही नळ्या लांबून गडद दिसतात. जुना टूथब्रश घेऊन खवल्यांच्या फटी घासा, फडक्याने कोरडं करा आणि मग बोटांच्या मधली कातडी व तळवा बघा.

त्यानंतर चोच उघडा. अंगठा आणि तर्जनीने दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं की उघडते. टाळू आणि जीभ गडद हवी. जिभेचं टोक काळं आणि मुळाशी गुलाबी असेल तर तशी नोंद करा. पंख उचलून काखेतली पिसं फुंकरा, तिथली कातडी कधी उन्हात येत नाही, त्यामुळे फसवत नाही. शेवटी गुदद्वाराभोवतीची कातडी, कानाची पाळी आणि तुरा. तुरा सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त फसवणारा अवयव तोच. वयात आलेल्या नराच्या आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या तुऱ्यात रक्त वाढतं आणि जांभळ्यावर लालसर झाक येते. टोकांना लाली असेल आणि तोंड, पापण्या, कान गडद असतील तर चालेल. तुऱ्यासोबत तोंडाची कातडीही गुलाबी असेल तर चालणार नाही.

रंग लावल्याची शंका आली तर खोबरेल तेलाचा बोळा नळीवर आणि तुऱ्यावर अर्धा मिनिट घासा. कापूस काळा झाला तर विषय संपला.

गुण द्यायची सवय असेल तर आपल्या कळपापुरता हा हिशेब वापरता येतो: काखेची आणि गुदद्वाराची कातडी 30, तोंड-तुरा-कान 25, नळ्या व तळवे 20, जीभ-टाळू 10, पिसं 10, बांधा 5. पिसांना दहाच गुण बघून काहींना राग येईल. पण पिसं दोन पिढ्यांत सुधारता येतात, हरवलेली काळी कातडी परत आणायला वर्षं जातात.

पिल्लांत होणारी चूक

एक दिवसाच्या जेट ब्लॅक पिल्लाच्या पोटावर आणि पंखांच्या टोकाला पांढरट लव असू शकते. ते साहजिक आहे. काळ्या पिसांच्या बऱ्याच जातींची पिल्लं अशीच असतात, आणि पहिल्या पिसांत एखाद-दोन पांढरी काडीही दिसते, जी पुढच्या पिसांत जाते. फक्त या लवेवरून पिल्लू बाद करू नका.

पहिल्या दिवशी चोच, नळी आणि डोळ्याभोवतीची कातडी बघा. पिल्लाची पाठ निळसर ते काळी असते, काहींच्या पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. डोळ्याभोवती गुलाबी आणि तळवा गुलाबी असेल तर पायाला रिंग घालून वेगळं करा. फक्त बोटाचं टोक फिकं असेल तर थांबा आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा बघा. तिसरी पाहणी 20 व्या आठवड्यात. जोडीला ठेवायचे पक्षी पहिल्या पूर्ण पीसगळीनंतर चौथ्यांदा बघा.

वजनही बोलतं. कडकनाथ सावकाश वाढतो, 20 आठवड्यांना साधारण 900 ग्रॅमच्या आसपास. वयात यायला सहा महिने, पूर्ण वाढलेला नर 1.8 ते 2 किलो, मादी 1.2 ते 1.5 किलो. तीन महिन्यांत दीड किलो भरणारं "कडकनाथ" कापायला चांगलं, उबवणीच्या अंड्यांसाठी नाही.

कातडी फिकी: दोन वेगळे बिघाड

इथे जरा थांबायला हवं, कारण उपाय इथेच आहे.

कातडीतला आणि मांसातला काळेपणा प्रामुख्याने दोन जनुकांच्या जोडकामातून येतो. पहिलं म्हणजे एफएम. 20 व्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो आणि त्यामुळे काळं रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी सगळ्या अंगात पसरतात. हे प्रभावी आहे, एका बाजूने मिळालं तरी पक्षी काळा दिसतो. दुसरं म्हणजे आयडी, कातडीतल्या काळेपणाला आडकाठी करणारं. पिवळ्या-पांढऱ्या नळीच्या गावरान कोंबडीत ते असतं, शुद्ध कडकनाथमध्ये नसायला हवं. आयडी झेड या लिंगाच्या गुणसूत्रावर बसतं. कोंबड्यांत नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी मुलींना डब्ल्यू देते आणि मुलग्यांना झेड, म्हणजे आपलं आयडी ती फक्त मुलग्यांना देते.

आता लक्षणं वाचा.

नळी फिकी, तुरा मात्र काळपट-लाल ठिपक्यांचा: काळेपणा आहे, पण आयडीने दाबलाय. सगळे नर फिके आणि सगळ्या माद्या काळ्या निघत असतील तर दोष कोंबडीकडून आला. नर-माद्या दोन्हींत निम्मे-निम्मे फिके असतील तर कोंबड्याकडून, त्याच्याकडे आडकाठी एकेरी आहे, म्हणजे आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आलेली. सगळीच पिल्लं फिकी असतील तर कोंबड्याकडे ती दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी आलेली आहे.

नळी निळसर-करडी, पण तुरा लाल, तोंड गुलाबी, काख पांढरी: इथे आडकाठी नाही, पण मूळ काळेपणाच गायब आहे. म्हणजे आई आणि बाप दोघंही एकेरी होते, दिसायला काळे पण आतून निम्मे. अशा जोडीचं चारातलं एक पिल्लू लाल तुऱ्याचं निघतं. चाळीसला दहा, हा आकडा ओळखीचा वाटेल.

पहिला बिघाड लपत नाही. फिक्या नळीचा पक्षी दिसतोच, आणि "बाकी चांगलाय" म्हणून ठेवला की तो पुढे जातो. एकदा निर्दयपणे छाटणी केली की संपला. दुसरा लपतो. कडकनाथ नर आणि पिवळ्या नळीची गावरान कोंबडी यांच्या माद्या दिसायला पक्क्या काळ्या निघतात, कारण बापाकडून काळेपणा मिळाला आणि आईची आडकाठी फक्त भावांकडे गेली. गावरान कोंबडी निळ्या नळीची असेल तर नरही काळेच निघतात. असे पक्षी आठवडी बाजारात शुद्ध म्हणून विकले जातात, आणि घेणाऱ्याला डोळ्याने फरक कळत नाही. तो कळतो पुढच्या बॅचला, तोवर विकणारा दुसऱ्या गावाला.

उपाय: आधी नर शुद्ध करा

सगळा कळप बदलायची गरज नसते. नर दुहेरी काळा असला तर कोंबड्या एकेरी असल्या तरी लाल तुऱ्याचं एकही पिल्लू निघत नाही, आणि दर पिढीला एकेरी माद्यांचं प्रमाण निम्म्याने घटतं. म्हणून पैसा आणि डोकं नरावर खर्च करा.

नर तपासायची रीत अशी. लाल तुऱ्याची, गुलाबी तोंडाची पण निळसर नळीची गावरान कोंबडी निवडा. पिवळ्या नळीची घेतली तर आडकाठीमुळे नर पिल्लांचा निकाल धूसर होतो. ही कोंबडी 21 दिवस कुठल्याही नराशिवाय ठेवा. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. हा नियम मोडला की सगळी चाचणी पाण्यात. मग तपासायचा नर सोडा, पहिल्या आठवड्याची अंडी खायला वापरा, नंतरची 10-12 अंडी उबवा. किमान सात पिल्लं मिळायला हवीत. एकही गुलाबी तोंडाचं निघालं तर नर एकेरी, बाद. नर एकेरी असूनही सातही गडद निघण्याची शक्यता 128 मध्ये 1 एवढीच असते. चाचणीची पिल्लं दिसायला काळी असली तरी सगळी एकेरी असतात. त्यांना वेगळी रिंग घालून खाण्यासाठीच वाढवा. चाचणीचीच पिल्लं कळपात मिसळून घरचा कळप बिघडवलेले लोक कमी नाहीत.

मुख्य कळपातही नर बदलताना तेच 21 दिवस पाळा आणि चौथ्या आठवड्यानंतरचीच अंडी उबवा. आठ ते दहा कोंबड्यांना एक नर. तीन खुराड्यांत तीन कुटुंबं ठेवा आणि दरवर्षी नर पुढच्या खुराड्यात सरकवा, माद्या जागेवरच. एकाच नराच्या मुली त्याच्याकडेच ठेवत गेलात तर रंग टिकेल, पण अंडी भरणार नाहीत. जेट ब्लॅक आणि गोल्डन एका खुराड्यात नको. शुद्धता जात नाही, पण पिसं ना धड काळी ना धड सोनेरी होतात.

मिसळ होण्याची आणखी एक वाट घरातलीच आहे. कडकनाथ मादी फारशी खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही, म्हणून अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवतात. ती बसायच्या आधी स्वतःचीही एक-दोन अंडी घालते, आणि 21 दिवसांनी एक "फिकं कडकनाथ" निघतं. ठेवताना प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण करा, तिसऱ्या दिवशी बिनखुणेची अंडी काढून टाका. शेजारचा गावरान कोंबडा कुंपणावरून येत असेल तर कुंपण किमान सहा फूट आणि वरून जाळी.

उन्हाळ्यात अंडी कमी फुटतात आणि मग मिळेल ते पिल्लू ठेवावंसं वाटतं. रंग असाही बिघडतो. मे महिन्यात पारा 42-43 ला आणि हवा कोरडी असताना अंडी ओल्या वाळूत रोवलेल्या माठात ठेवा, सात दिवसांपेक्षा जास्त नको. पंख्याच्या इन्क्युबेटरला 37.5 अंश, पहिले 18 दिवस आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. आपल्या भागात एका ट्रेने ती गाठत नाही, पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा लागतो, म्हणजे खोल एकाऐवजी पसरट दोन ट्रे. उबवणीच्या अंड्यांचा मुख्य हंगाम शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरा.

पिसं बिघडली: ऊन, खाद्य की रक्त?

तपकिरी पीस मुळाशी बघा. बूड काळं आणि टोक तांबूस असेल तर उन्हाने विटलंय, पीसगळीनंतर काळं येईल. बुडापर्यंत तांबूस असेल आणि दोन्ही बाजूंना सारखं असेल तर ते रक्तातलं आहे. पत्र्याच्या शेडवर कडब्याच्या पेंढ्या किंवा तुराट्या टाकून दुपारची सावली दिली की विटणं बरंच कमी होतं.

काळ्या पंखात पांढरा पट्टा किंवा पांढरं पीस आलं तर दोन शक्यता: जागेवर जखम झाली होती, किंवा पीस उगवताना खाद्यात कमतरता होती. लायसिन कमी पडलं की रंगीत पक्ष्यांत पिसांचा रंग उडतो. तांबं आणि लोह कमी असलं तरीही. नुसत्या ज्वारीवर आणि मक्यावर वाढवलेल्या तलंगांत हे हमखास दिसतं, कारण दोन्ही धान्यांत प्रथिनं नऊ-दहा टक्के आणि त्यातही लायसिन थोडं. संशय असलेली दोन पिसं उपटा आणि त्या जागी खूण ठेवा. दीड-दोन महिन्यांत नवं पीस येतं. खाद्य सुधारून नवं काळं आलं तर पक्षी निर्दोष.

वाढत्या पक्ष्यांसाठी घरी करता येणारं 100 किलोचं मिश्रण: मका भरडा 50, ज्वारी भरडा 12, सोया पेंड 22, गव्हाचा कोंडा 13, मिनरल मिक्श्चर 2.5, मीठ 0.3, बाकी व्हिटॅमिनचं प्रीमिक्स. प्रथिनं साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातात. अंड्यावरच्या कोंबड्यांना हेच आणि जोडीला शिंपल्याची चुरी वेगळ्या भांड्यात, हवी तेवढी. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना 20 टक्के लागतात, त्यांना तयार स्टार्टर बरा. म्हशीची सरकी पेंड मिसळू नका, स्वस्त पडली तरी. तिच्यातल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक साठवणीत हिरवट पडतो.

नळ्या पांढऱ्या, पण दोष रक्तात नाही

खवले उचललेले, त्यांखाली पांढरट भुकटीसारखा थर, नळी जाड: हा खवल्यांखालच्या माइटचा त्रास. धुऊनही थर जात नाही, म्हणून पक्षी "फिका" ठरतो. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच मिनिटं बुडवा, मऊ ब्रशने सुटलेले खवले काढा, ओढून नाही. कोरडं करून व्हॅसलीन किंवा करंज तेल जाड लावा, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. रॉकेल आणि जुनं इंजिन ऑइल लावू नका, कातडी भाजते. सगळ्या कळपाला एकदम लावा आणि बसायच्या दांड्याही तेलाने पुसा. नवा खवला आला की खरी नळी दिसते, तोवर गुण देऊ नका. वयस्क कोंबडीची नळी थोडी फिकी होतेच. तिची पहिल्या वर्षाची नोंद बघा, म्हणून रिंग नंबर आणि वही हवी.

जाता जाता एक. इतर जातींत तुरा फिका पडला की रक्त कमी झाल्याचं कळतं, निळा पडला की श्वासाचा किंवा मोठा आजार कळतो. कडकनाथमध्ये तुरा मुळातच गडद, त्यामुळे ही घंटा वाजत नाही. महिन्यातून एकदा छातीच्या हाडावरून हात फिरवा. हाड सुरीसारखं लागलं तर जंत, उवा, रक्ती हगवण तपासा; पावसाळ्यात गादी ओली राहते तेव्हा विशेष. तोंड सुजून एका दिवसात अनेक पक्षी मेले तर रंगाची चर्चा बाजूला ठेवून मेलेले पक्षी न हलवता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.

नवा नर आणायचा असेल तर एक नाही, वेगवेगळ्या आईचे तीन आणा, आणि शक्य असेल तर विकणाऱ्याकडचा पूर्ण कळप उजेडात बघा. तिथे दहापैकी एकाचाही तुरा लाल असेल तर काळ्यातला काळा नरही चाचणीशिवाय खुराड्यात सोडू नका. आणलेले पक्षी 30 दिवस वेगळे. तेवढ्या दिवसांत कळपातला जुना नर बाहेर काढून कोंबड्यांचे 21 दिवसही मोजून होतात.